बोलेल तो करेल काय

मला कमी बोलायला शिकवण्यात घरच्यांची उमेदीची वर्षं खर्ची पडली होती. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या पॅरामेडिकच्या परीक्षेने त्या मेहनतीवर तीन महिन्यांत पाणी ओतलं.

या परीक्षेच्या प्रात्यक्षिकाचा न्यायच उफराटा. जे तोंडाने बोललात ते केलंत, मनात धरलंत ते केलंच नाहीत. परीक्षक हातात तक्ता घेऊन उभे राहतात आणि तुमच्या तोंडातून योग्य शब्द पडला की बरोबरची खूण करतात. म्हणून पेशंट समोर आडवा दिसला तरी धावायचं नाही. आधी दारातूनच पुकारा करायचा, 'जागा सुरक्षित आहे. हातमोजे घातले आहेत. पेशंट एकच आहे.' 'बोलेल तो करेल काय' असं म्हणणारा माणूस या परीक्षेला नक्कीच बसला नसणार.

सवय अंगात भिनावी म्हणून मी घरातच सुरुवात केली. न्हाणीघराच्या दाराशी थांबून 'फरशी ओली, जागा असुरक्षित' असं जाहीर केल्याशिवाय पाऊल टाकेना. आईने दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "असुरक्षित वाटत असेल तर फडकं घे आणि पूस."

मग धाकट्याकडे वळले. तो सोफ्यावर झोपला होता. खांद्यावर थापटून विचारलं, "ऐकू येतंय का?" त्याने डोळे उघडले आणि मला दोन शब्द ऐकवले. ते इथे लिहिता येणार नाहीत, पण पेशंट किती शुद्धीत आहे ते गुणांत मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलमध्ये त्यांचीही सोय आहे. हाकेने डोळे उघडले, ३ गुण. बोलणं असंबद्ध, ३ गुण. खांद्याला चिमटा काढल्यावर नेमका माझा हात पकडून झटकला, ५ गुण. सहावा गुण सांगितलेलं ऐकणाऱ्याला मिळतो, तेव्हा तो प्रश्न जन्मतःच निकालात निघालेला. एकूण १५ पैकी ११. या मापनात शून्य नसतंच, सगळ्यात कमी म्हणजे ३. म्हणजे तो ज्यावर झोपला होता त्या सोफ्यालाही ३ द्यावे लागतील. आमच्या लेखी परीक्षेत मात्र असला दिलदारपणा कुठेच नव्हता.

बाबांची केस अवघड निघाली. श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नसतं, कारण कुणी मोजतंय हे कळलं की माणूस नैसर्गिक श्वास घेणंच विसरतो. नाडी धरल्यासारखं करायचं आणि गुपचूप छातीकडे बघायचं. सगळ्या अभ्यासक्रमात गप्प बसून करायची ही एवढीच गोष्ट, आणि माझी जीभ तोवर सुटलेली. मनगट धरून मी ठणठणीत आवाजात म्हणाले, "आता मी तुमचे श्वास मोजते आहे." बाबांनी लगेच छाती फुगवून श्वास रोखला. मिनिटाला १२ ते २० ही मोठ्या माणसाची नेहमीची गती. बाबा बराच वेळ शून्यावर होते आणि चेहऱ्यावर मुलीला मदत केल्याचं समाधान.

लेखी अभ्यासाने तर दमवलंच. भाजलेल्या अंगाचा हिशोब नऊच्या पाढ्याने करतात: डोकं ९ टक्के, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, पोट-छाती १८, पाठ १८. नाकी नऊ येणं म्हणजे काय ते मला त्या पानावर कळलं. ईसीजीच्या लहरींना आइंथोव्हेन यांनी पी, क्यू, आर, एस, टी अशी नावं दिली. त्यांना १९२४ साली नोबेल मिळालं. पुढे कुणीतरी दुखण्याची चौकशी लक्षात राहावी म्हणून ओ, पी, क्यू, आर, एस, टी हीच अक्षरं वापरली; त्यातला टी म्हणजे टाइम, कधीपासून दुखतंय ते. त्यांना काय मिळालं माहीत नाही, माझे शिव्याशाप तेवढे नक्की मिळाले. एकदा सराव परीक्षेत 'टी लहर कधीपासून दुखते?' असं विचारून बसले.

वेंकेबाख नावाचा हार्टब्लॉक, म्हणजे हृदयातला संदेश वाटेत अडखळण्याचा एक प्रकार, मात्र एका वाचनात कळला. त्यात पी आणि आर यांच्यातलं अंतर दर ठोक्याला थोडं वाढतं, वाढतं, आणि मग एक ठोका चक्क चुकतो. सोमवारी मी सहाला अभ्यासाला बसले, मंगळवारी साडेसहाला, बुधवारी सव्वासातला, गुरुवारी बसलेच नाही. शुक्रवारी पुन्हा सहाला.

सीपीआरला, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबण्याच्या सरावाला, उशी घेतली. छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, तीसपर्यंत मोठ्याने मोजत. उशी चौथ्या फेरीत उसवली. वर्गातली बाहुली जास्त सोशिक. नॉर्वेतले खेळणी बनवणारे आस्मुंड लॅरडाल यांनी १९६० मध्ये ती आणली, आणि तिचा चेहरा सेन नदीत बुडालेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला असं सांगतात. खरंखोटं काही असो, इतक्या नवशिक्यांनी बरगड्या दाबूनही तिच्या ओठांवरचं ते पुसट हसू हललेलं नाही. मला तिचा हेवा वाटायचा.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी दार उघडलं आणि माझी टकळी आपोआप सुरू झाली. "जागा सुरक्षित आहे. हातमोजे घातले आहेत. पेशंट एकच—"

"काय घातलंय?" परीक्षकांनी तक्त्यातून मान वर केली.

"हातमोजे, सर."

त्यांनी पेनाने माझ्या हातांकडे खूण केली. दहाही बोटं उघडी. हातमोजे खिशात, घडीसुद्धा न मोडलेले.

खोलीत परीक्षक, बाहुली आणि मी. तिघांपैकी कुणीच बोलेना. पण गप्प राहिलं की गुण जातात हे हाडीमाशी खिळलेलं, म्हणून मीच सुरू केलं, "रुग्ण शुद्धीवर आहे. त्वचा थंड, घामेजलेली. नाडी जलद. श्वास उथळ."

परीक्षक बाहुलीकडे वाकून बघत म्हणाले, "हिला तर नाडीच नाही. कुणाबद्दल बोलताय?"

"माझ्याबद्दल, सर."