अलार्मवर डेटा पाठवण्याविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दूरच्या पाणीपातळी केंद्रांवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. पहिला असा की, अलार्म लागल्यावरच डेटा पाठवणारे यंत्र बंद पडले, तर त्याचे गप्प राहणे आणि पाणी शांत असणे यांत फरक करता येत नाही, म्हणून दर मिनिटाला सगळ्या नोंदी पाठवाव्यात. दुसरा असा की, पाणी ४.०० मीटरला पोचल्यावर लागलेला अलार्म ते ३.८० मीटरपर्यंत ओसरल्यावरच उतरवण्याचा (बंद करण्याचा) माझा सल्ला माहिती दडवतो.

पहिल्या आक्षेपाचा पूर्वार्ध मला पूर्णपणे मान्य आहे. अलार्म ही ठरलेल्या वेळच्या संदेशाला दिलेली जोड असते, त्याची जागा घेणारी सोय नव्हे, हे मी गृहीत धरले आणि लिहायचे राहिले. दर सहा तासांनी हजेरीचा एक संदेश यायलाच हवा, त्यात बॅटरीचा व्होल्टेजही असावा, आणि संदेश चुकला तर ओरडण्याचे काम सर्व्हरने करावे, कारण मेलेले यंत्र स्वतःच्या मृत्यूची खबर देऊ शकत नाही.

दर मिनिटाच्या उपायाशी मात्र मी सहमत नाही. मोजणे, नोंदवणे आणि पाठवणे ही तीन वेगळी वेळापत्रके आहेत. लॉगर, म्हणजे केंद्रावरचे नोंदी ठेवणारे यंत्र, दर मिनिटाला मोजून नोंद स्वतःजवळ ठेवू शकतो, त्याला फारशी वीज लागत नाही. खर्चिक असते ते मोडेम जागे करून नेटवर्कशी जोडणे. सहा तासांच्या वेळापत्रकात हे दिवसातून चार वेळा घडते, आपल्या वेळापत्रकात १४४० वेळा. शिवाय अलार्मला होणारा उशीर मुख्यतः मोजण्याच्या अंतराने ठरतो: मापन दर पंधरा मिनिटांनी होत असेल, तर पाठवण्याची व्यवस्था कितीही चपळ असली तरी खबर पंधरा मिनिटांपर्यंत उशिरा निघू शकते. तेव्हा घाई करायचीच असेल तर ती मोजण्यात करावी.

बॅटरीपेक्षाही मला काळजी वाटते ती वाहिनीची. एकाच रेडिओ वाहिनीवर अनेक केंद्रे परस्परांना न विचारता बोलतात, त्या साध्या अलोहा पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त सुमारे १८ टक्के वेळच यशस्वी संदेशांच्या कामी येतो. त्यापुढे गर्दी वाढली की संदेश एकमेकांवर आदळून पोचणारे संदेश उलट कमी होतात. मोठ्या पावसात सगळ्या केंद्रांचे अलार्म बहुधा एकाच सुमारास लागतात. म्हणून पोच न मिळणाऱ्या व्यवस्थेत अलार्मचा संदेश दोन-तीनदा, आणि प्रत्येक वेळी यादृच्छिक अंतराने पाठवावा. आधीच दर मिनिटाच्या संदेशांनी भरलेल्या वाहिनीत ही जागा उरत नाही.

आता ३.८० मीटरचा प्रश्न. पाण्याचा पृष्ठभाग हलता असतो. पाच सेंटीमीटरच्या लाटा असल्या आणि अलार्म लागण्याची व उतरण्याची पातळी एकच असली, तर पाणी ४.०० मीटरच्या आसपास रेंगाळत असताना प्रत्येक लाटेगणिक एक संदेश सुटेल, आणि तासाभरात तो वाचणारा माणूस फोन उलटा करून ठेवेल. मधल्या वीस सेंटीमीटरमध्ये फक्त अलार्मची स्थिती टिकून राहते. खरी पातळी संदेशात जशीच्या तशी असते, त्यामुळे दडवले काहीच जात नाही. वीस हाच आकडा का, असे आपण विचारले असते तर ते रास्त ठरले असते: तो त्या जागेच्या जुन्या नोंदी पाहूनच ठरवावा. पातळी वाढण्याच्या वेगावर अलार्म लावताना तर जास्तच जपावे लागते, कारण एका मिनिटात दिसलेला दोन सेंटीमीटरचा फरक ताशी १२० सेंटीमीटर असा भयंकर वाचला जातो. तोच वेग पंधरा मिनिटांच्या फरकावरून काढला, तर लाटा बऱ्याच अंशी निवळतात.

आपल्या नजरेतून सुटलेली एक चूकही सांगून टाकतो. लेखात मी केवळ वरच्या मर्यादेचा अलार्म दाखवला होता. पातळी विद्युतप्रवाहातून कळवणाऱ्या, म्हणजे शून्य मीटरला ४ आणि दहा मीटरला २० मिलिअँपिअर देणाऱ्या सेन्सरची तार तुटली, तर प्रवाह शून्य होतो आणि नेहमीचे सूत्र उणे २.५ मीटर दाखवते. वरची मर्यादा यावर कधीच जागी होणार नाही. हजेरीचे संदेशही वेळेवर येत राहतील. त्यामुळे ३.६ मिलिअँपिअरच्या खालचे वाचन पातळी न मानता बिघाड मानावे आणि त्यासाठी स्वतंत्र अलार्म लावावा. बसवणी झाल्यावर तार खरोखर सोडवून पाहावी. चाचणीचे बटण दाबून मोडेमची परीक्षा होते, तारेची नाही.