सौद्याआधी बॉनेट उघडू नये

वापरलेली स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेल्या माणसाने सौदा पक्का होण्यापूर्वी दुरुस्तीचा विषय काढणे अशुभ मानावे. समजा, तुमच्या खात्यात 25 लाख रुपये आहेत आणि मनात भरलेली जुनी पोर्श बॉक्स्टरही नेमकी 25 लाखांनाच मिळते आहे; इतका योग जुळून आल्यावर ज्याला सव्विसाव्या लाखाची चिंता पडते, त्याने खुशाल डिझेलची सेडान घ्यावी आणि चिकोडीच्या रस्त्याने उसाच्या ट्रॉल्यांमागून सुखाने जावे. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, परंतु तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. चौथ्या मालकाकडे पोचलेल्या गाडीलाही ब्रेकच्या डिस्क पहिल्या मालकाच्याच भावाने घ्याव्या लागतात. हे गणित विकणाऱ्याला कळलेले असते. तुम्ही मात्र ‘मुलगा परदेशी चाललाय, म्हणून देतोय’ हे त्याचे कारण ऐकून घ्यावे आणि सहानुभूतीने मान डोलवावी.

सल्ला भरपूर लोकांचा घ्यावा. बेळगावच्या टिळकवाडीतले शेजारी, कोल्हापूरचे मेहुणे, बुलेट चालवणारा मित्र, सगळ्यांना गाडी दाखवावी. फक्त ती लिफ्टवर चढवून खालून बॅटरी मारणारा जाणकार त्यांच्यात नसावा. अशा माणसाच्या तपासणीला काही हजार रुपये पडतात आणि एवढ्या पैशांत गल्लीभर कुंदा वाटून होतो. घरच्यांनी फारच आग्रह धरला, तर शहापुरातल्या ओळखीच्या मिस्त्रीला सोबत न्यावे. त्याने आयुष्यभर मारुती आणि बोलेरो खोलल्या आहेत. तो सवयीने पुढचे बॉनेट उघडील, आत सुटकेस ठेवायचा गालिचा लावलेला खड्डा पाहील आणि म्हणेल, ‘मालक, ह्याला इंजिनच नाही की वो!’ मग तो मागे जाईल, तर तिथेही डिकीच निघेल, आणि तिच्या कडेला ऑइल व कूलंट ओतायची तेवढी दोन झाकणे दिसतील. बॉक्स्टरचे इंजिन सीटच्या पाठीमागे, गाडीच्या पोटात असते. ते पाहायला खालून तरी जावे लागते किंवा आतली झाकणे तरी काढावी लागतात. तेवढा खटाटोप कोणी करीत नाही आणि झाकणे स्वच्छ आहेत म्हणजे इंजिनही स्वच्छच असणार, असा निष्कर्ष सर्वानुमते निघतो.

हा निष्कर्ष टिकवायचा असेल, तर इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगविषयी कोणाला विचारू नये. 2008 पर्यंतच्या बॉक्स्टरमध्ये पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टची गती व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या साखळ्यांकडे नेणारा एक मधला शाफ्ट आहे, आणि त्याचे एक टोक ज्या बेअरिंगवर फिरते ते झिजून फुटले की टायमिंग सुटते, पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आपटतात आणि इंजिन वजनावर विकण्याच्या लायकीचे होते. अमेरिकेत ग्राहकांनी या बेअरिंगवरून सामूहिक दावा लावला होता आणि 2001 ते 2005 च्या दरम्यानच्या गाड्यांबाबत 2013 मध्ये तडजोडही झाली. पण अमेरिकेतल्या लोकांना हौस कमी आणि तक्रारी फार. त्यांच्यातले काहीजण तर गाडी घेण्याआधी ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचा चुरा चमकतो का ते पाहतात, आणि क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवला की त्याच मजुरीत ते बेअरिंगही बदलून टाकतात. 2006 नंतरच्या इंजिनांत मोठे आणि अधिक टिकाऊ बेअरिंग आले खरे, मात्र ते बदलायचे तर अख्खे इंजिन दोन भागांत खोलावे लागते. 2009 पासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही, पण ती गाडी महाग पडते, म्हणून ती सोडून द्यावी आणि फरकाचे पैसे वाचले म्हणून आनंद मानावा.

शिवाय आपल्याकडे उद्यमबाग आहेच. कुठलाही बिघाड ऐकला की बेळगावचा माणूस ‘त्यात काय, उद्यमबागेत लेथवर करून घेऊ की’ असे म्हणतो, आणि इथल्या फाउंड्र्या व मशीन शॉप पाहिलेल्या कोणालाही तो विश्वास खोटा म्हणता येणार नाही. पाण्याने मेलेले इमोबिलायझरचे, म्हणजे खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारे इलेक्ट्रॉनिक युनिट लेथच्या चकमध्ये धरता येत नाही, एवढीच काय ती अडचण.

गाडी पाहायला जाताना आधी कळवून जावे, म्हणजे मालक ती चांगली तापवून ठेवील. थंड इंजिन सुरू करताना साखळीचा खडखडाट ऐकू येतो, धूर दिसतो, आयडलिंग डळमळते. गरम इंजिन यांतले बरेच काही झाकून घेते. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत, असा नियम आहे. त्यात चेक इंजिनचा दिवा मुळी लागलाच नाही, तर कोणीतरी त्याची सोय करून ठेवली आहे असा संशय न घेता ‘एकही फॉल्ट नाही’ असे समजावे. गाडीच्या संगणकात नोंदलेले फॉल्ट वाचणारा स्कॅनर लावू नये. लावलाच, तर जुने फॉल्ट कालच पुसले गेले आहेत का, हे तपासण्याइतके खोलात जाऊ नये.

टायरकडे बघायचे ते नक्षीकडे. टायरच्या बाजूला लंबवर्तुळात चार आकडे कोरलेले असतात, ते वाचण्यासाठी मातीत गुडघे टेकावे लागतात आणि पँट खराब होते. तिथे 2314 दिसले, तर टायर 2014 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, म्हणजे नक्षी नवी दिसली तरी रबर म्हातारे होऊन भेगाळले आहे. चारही टायर नव्याने घ्यावे लागतील, आणि बॉक्स्टरला पुढचे व मागचे वेगळ्या मापाचे लागतात, एवढे सगळे आनंदाच्या दिवशी कळून काय करायचे आहे?

पावसाचे पाहू. खानापूरच्या बाजूला चार महिने जो पाऊस कोसळतो, त्यात कापडी छपराची गाडी ठेवणे हे रसिकतेचे लक्षण आहे. छपराच्या दोन्ही बाजूंना पाणी वाहून जाण्यासाठी नळ्या असतात. आंब्याच्या झाडाखाली गाडी लावली की त्या पाल्याने तुंबतात, पाणी सीटखाली साचते, आणि इमोबिलायझरचे युनिट नेमके सीटखालीच बसवलेले आहे. गाडी गोव्याहून येत असेल, तर खारी हवा खालच्या नटबोल्टांना आधीच भेटून गेलेली असते. कोल्हापूर-सांगलीकडून येत असेल, तर ऑगस्ट 2019 च्या महापुरात ती कुठे उभी होती, हे विचारणे उद्धटपणाचे ठरेल. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, तर गुंडाळीच्या आतल्या पट्ट्यावर सुकलेल्या गाळाची तांबूस रेघ दिसू शकते. म्हणून तो बक्कल लागण्यापुरताच ओढावा.

चाचणीची फेरी कॅम्पातल्या गुळगुळीत रस्त्यावर घ्यावी. चोर्ल्याच्या रस्त्याने नेली, तर सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट आणि शॉकअॅब्सॉर्बर एकेक करून बोलू लागतील. रस्त्यावरचा गतिरोधक जास्तीत जास्त 10 सेंटिमीटर उंच असावा असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते, पण आपल्या गावांतले गतिरोधक ते वाचून बांधलेले नसतात, आणि पुढच्या बंपरखालचा प्लास्टिकचा ओठ किती वेळा चिकटवला आहे, हे वाकल्याशिवाय दिसत नाही.

आता पासिंग. सीमाभागात दारात कोल्हापूरच्या एमएच-09 ची पाटी मिरवणारी गाडी उभी असणे ही केवळ वाहतुकीची बाब नसते, हे मान्य. परंतु 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 47 भावनेत शिरत नाही; 12 महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली, तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो. कर्नाटकात 20 लाखांवरच्या गाडीला आजीवन कर 18 टक्के आहे, जुन्या गाडीला वयाप्रमाणे त्यात सूट मिळते, आणि सूट मिळून जे उरते ते भरताना दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम हमखास उपयोगी पडते. ती ठेवली नसेल, तर सोसायटीचे कर्ज आहे.

एवढे करूनही गाडी एखाद्या सकाळी तवंदी घाटात बंद पडली, तर विम्यावर विसंबावे. नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक आणि विद्युत बिघाड वगळलेला असतो, ते कलम बारीक अक्षरांत छापलेले आहे आणि आधी वाचण्याची मुळीच घाई नाही. पोर्शची अधिकृत कार्यशाळा बेळगावात नसल्यामुळे गाडी बंगळूरसारख्या मोठ्या शहरात न्यावी लागेल, बंगळूरचे अंतर सुमारे 500 किलोमीटर आहे, आणि टोइंगच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत निवांत वाचता येते.