नॉम पेन्हमधले दोन हजार रिएल

प्रवासाच्या ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतं, "कंबोडिया किती स्वस्तात होईल?" मीही हेच विचारून गेले होते. राजधानी नॉम पेन्हला बारा दिवस राहिले, डॉर्ममधल्या सहा डॉलरच्या बेडवर. आता हा 'स्वस्त' शब्द ऐकला की मला त्रास होतो.

ओरुस्से मार्केटमागच्या गल्लीत एक बाई सकाळी बाय साच च्रूक विकायच्या. डुकराच्या मांसाचे पातळ काप कोळशावर मंद भाजायचे, वाफाळत्या भातावर मांडायचे, बाजूला काकडी-मुळ्याचं आंबटगोड लोणचं आणि वाटीभर सूप. तिकडे मोठ्यांना सहसा नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. वयाने थोडं मोठं माणूस 'बाँग', म्हणजे दादा किंवा ताई, आणि आईपेक्षा लहान बाई ती 'मिंग', म्हणजे आपली मावशीच की! तिसऱ्या दिवसापासून माझ्या सुपात न सांगता कांद्याची पात जास्त पडायला लागली. धुराने त्यांचे डोळे कायम लाल असायचे. ताटलीचे सहा हजार रिएल, म्हणजे तिथल्या चलनातले दीड डॉलर.

त्याच कोपऱ्यावर एका संध्याकाळी आपली मराठी मंडळी टुकटुकवाल्याशी, म्हणजे तिथल्या रिक्षावाल्याशी, दोन हजार रिएलवरून हुज्जत घालत होती. अर्धा डॉलर! मला फार वाईट वाटलं, कारण पहिल्या दिवशी मीही तेच केलं होतं.

हीच मंडळी अंगकोरच्या प्राचीन मंदिरांना एका दिवसाच्या तिकिटाचे ३७ डॉलर मुकाट्याने देतात, कारण तिथे खिडकीवर दर छापलेला असतो. घासाघीस फक्त ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्याशी. शहराबाहेरच्या रस्त्यांवर सकाळी कपड्यांच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक दिसतात, मागच्या हौद्यात बायका दाटीवाटीने उभ्या. २०२५ साली त्या कामाचं किमान वेतन महिन्याला २०८ डॉलर होतं. त्यातच खोलीचं भाडं, आणि गावाकडे पाठवायचे पैसेही त्यातूनच. आपल्याला स्वस्त वाटणारं हे शहर त्यांना अजिबात स्वस्त नाही.

कमी पैशांत फिरा, जरूर फिरा. डॉर्ममध्ये राहा, चालत हिंडा, बाजारात जेवा. फक्त टुकटुकचं भाडं ॲपवर दिसेल तेवढं द्या आणि उरलेले पाचशे-हजार रिएल परत मागू नका. डॉलरची नोट कोरी ठेवा, जराशी फाटलेली असली तरी कुणी घेत नाही. आणि ओरुस्सेला आठच्या आत पोचा, नंतर मावशींचं पातेलं रिकामं असतं.