आपला हिरो बिघडल्यास घ्यावयाची काळजी

सर्वप्रथम, घाबरून जाऊ नका. लाडका सुपरहिरो शेवटच्या पानावर कुणाची मान मोडताना दिसला, म्हणून लगेच गणपतीला नारळ बोलायची गरज नाही. सांगलीकरांना खलनायक काही नवे नाहीत. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे नाटक उभं केलं. त्या जातीच्या नाटकांत राक्षस ‘अललडुर्र’ करत यायचा आणि शिव्या कुणाला घालायच्या ते तत्काळ कळायचं. कॉमिक्समध्ये ही सोय नाही. ज्याचं चिन्ह छातीवर मिरवत तुम्ही गावभर फिरता, तोच राक्षस निघतो.

हॅल जॉर्डनचंच घ्या. हा ग्रीन लँटर्न म्हणजे अंगठीच्या जोरावर विश्वाची फौजदारी करणारा गडी. १९९३ मध्ये त्याचं सत्तर लाख वस्तीचं कोस्ट सिटी बेचिराख झालं. शहर परत उभं करायला ताकद हवी, म्हणून १९९४ मध्ये या पठ्ठ्याने आपल्याच सहकाऱ्यांच्या अंगठ्या हिसकावल्या, जुना वैरी सिनेस्ट्रोची मान मोडली, जोडीदार किलोवॉगलाही संपवलं. दुःखाने माणूस इतका वाहवत जाऊ शकतो, हे मला तरी पटलं होतं. तुम्ही मात्र असलं काही पटवून घेऊ नका. दहा वर्षं कळ काढा.

२००४ मध्ये खुलासा आलाच. हॅलने काही केलंच नव्हतं हो, त्याच्या अंगात आलं होतं! पॅरॅलॅक्स नावाचा भीतीचा पिवळा जीव, हरिपूरच्या पेवातल्या हळदीसारखा अंगठ्यांना ताकद पुरवणाऱ्या बॅटरीत कोंडून ठेवलेला, तो याच्यात शिरला होता. अंगठीला पिवळ्या रंगाचं वावडं होतं, तेही त्याच्यामुळेच. (म्हणजे जुना ग्रीन लँटर्न आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला आला असता, तर पोत्यांनीच त्याला लोळवलं असतं.) कानशिलावरचे केस पांढरे झाले, तेही त्याच्याचमुळे. हे कारण तुम्हीही घरी सांगून पाहा.

शिक्षेची भाषा करणाऱ्यांपासून जरा जपून. १९८० मध्ये एक्स-मेनमधल्या, अफाट शक्ती मिळून ‘फिनिक्स’ झालेल्या जीन ग्रेने भुकेपोटी एक तारा गिळला आणि पाच अब्ज जीव गेले. तिची शक्ती काढून घेऊन तिला घरी पाठवायचं, असं आधी ठरलं होतं. पण मार्व्हल कॉमिक्सचे मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले, एवढ्या खुनांची शिक्षा झालीच पाहिजे. तिला मरावं लागलं. असा संपादक म्हणजे दृष्ट काढावी असा! ती काढायची राहिली असावी, कारण १९८६ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत, कळलं की ती जीन नव्हतीच. खरी जीन न्यूयॉर्कच्या जमैका बे या खाडीच्या तळाशी कोशात झोपली होती. त्या पाच अब्जांसाठी कोश विणायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

आता तर एवढाही धीर धरावा लागत नाही. २०१६ मध्ये कॅप्टन अमेरिका ‘हेल हायड्रा’ म्हणाला, म्हणजे आपल्या हाडवैऱ्या खलनायकी टोळीचाच जयजयकार केला, आणि पुढच्याच वर्षी खऱ्या कॅप्टनने येऊन खोट्याला बदडलं.

तेव्हा कट्ट्यावर कुणी म्हणालाच, “तुझा हिरो खुनी आहे,” तर वाद घालू नका. अंक कधीचा आहे, एवढंच विचारा. नवा असेल तर खुलासा यायचाय म्हणा, आणि तो बोलत असेतो भडंगाचा पुडा आपल्याकडे ओढून घ्या.