खुलासा: आधार कार्डावरचा पुसट चेहरा ही छपाईची चूक नाही

‘पीव्हीसी (प्लास्टिकच्या) आधार कार्डावर दुसरा पुसट चेहरा दिसला तर कार्ड बनावट समजा,’ असा मेसेज फिरतो आहे. हे साफ चुकीचं आहे. तो चेहरा मुद्दाम छापलेला असतो, त्याला घोस्ट इमेज म्हणतात. आधार देणारी सरकारी संस्था यूआयडीएआयने ऑक्टोबर २०२० मध्ये आणलेल्या या कार्डावर होलोग्राम, गुंतलेल्या रेघांची नक्षी आणि मायक्रोटेक्स्टही असतं. मायक्रोटेक्स्ट म्हणजे नुसत्या डोळ्यांना रेघ वाटावी इतकी बारीक अक्षरं. साध्या झेरॉक्समध्ये ती फिसकटतात, त्यांचा उपयोगच तो.

तरी खरी मदार क्यूआर कोडवर. त्यात नाव, पत्ता, फोटो असतो आणि त्यावर यूआयडीएआयची डिजिटल सही असते. एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. म्हणून शंका आली तर चेहऱ्याकडे बघत बसू नका, यूआयडीएआयच्या अधिकृत अ‍ॅपने कोड स्कॅन करा.

उलट, दुकानातून छापून घेतलेल्या प्लास्टिक कार्डात ही सुरक्षा नसते, ते वापरू नका, असं यूआयडीएआयने जानेवारी २०२२ मध्येच सांगितलं आहे. आजीआजोबांना घाबरून कार्ड बदलायला रांगेत उभं करू नका. पोस्टाने आलेलं कागदी आधार आणि ई-आधारही तितकंच वैध आहे.