मोठ्या भाराने तडा झपाट्याने वाढतो? बहुधा उलटंच

पोलादाच्या फटीगबद्दल, म्हणजे भार पुन्हा पुन्हा येऊन-जाऊन धातू हळूहळू तडकण्याबद्दल, एक संदेश फिरतोय. त्यात तीन दावे आहेत: सहनमर्यादेखालचा (कितीही चक्रं दिली तरी धातू तुटत नाही असं मानतात त्या पातळीखालचा) भार कधीच अपाय करत नाही; मोठा भार येऊन गेला की तडा भराभर वाढतो; आणि बदलत्या भारांचं आयुष्य साध्या बेरजेने निघतं.

पहिला दावा अर्धवट. ती मर्यादा गुळगुळीत, बिनतड्याच्या सॅम्पलवर, एकसारखा भार देऊन काढलेली असते. तडा असेल तर त्याची लांबीही हिशेबात येते. लांबी चौपट झाली की तोच भार तड्याच्या टोकाला साधारण दुप्पट जाणवतो. तडा दर चक्राला किती वाढतो ते सांगणाऱ्या पॅरिसच्या नियमातला घातांक पोलादासाठी 3 च्या आसपास असतो, म्हणजे वाढीचा वेग आठपट.

दुसरा दावा मात्र सरळ चुकीचा. ओव्हरलोडने, म्हणजे अशा एखाद्या मोठ्या भाराने, टोकापुढचा धातू कायमचा ताणला जातो. भार उतरला की भोवतालचं लवचीक पोलाद त्या भागाला दाबून धरतं, आणि पुढच्या लहान चक्रांत तडा पुरता उघडतच नाही. तो आधी किंचित सरकतो, मग रेंगाळतो, कधी थांबतोही. वीलर यांनी या मंदावण्याचं गणित 1972 मध्येच मांडलं. (म्हणून कुणी मुद्दाम ओव्हरलोड देऊ नये. पाठोपाठ जोराचा दाब आला तर हा फायदा बराचसा पुसला जातो.)

तिसऱ्या, बेरजेच्या दाव्याचं उत्तरही इथेच मिळतं. प्रत्येक भाराने खर्च केलेला आयुष्याचा वाटा नुसता मिळवत जाणाऱ्या माइनरच्या 1945 च्या नियमाला भारांचा क्रम दिसत नाही, आणि मंदावणं तर क्रमावरच ठरतं.

यावर ‘आमच्या टेस्टमध्ये असं काही दिसलं नाही’ असं कुणी म्हणेल. मग मोजलं कसं, ते सांगा. हजारो चक्रांनी एकदा रीडिंग घेतलं असेल, तर तडा मंदावलेला तो टप्पा दोन रीडिंगच्या मध्येच संपून जाते. घेतली असतील दाट रीडिंग, तरी सात-सात बिंदूंतून वक्र बसवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत वेगाचा नेमका तोच खळगा बुजतो. सॅम्पलमधून करंट सोडून विद्युतदाबावरून तड्याची लांबी काढताना आणखी एक फसगत होते: कमी भाराला तड्याच्या भिंती एकमेकींना टेकतात, करंट तिथूनच पलीकडे जातो आणि तडा आखूड दिसतो. शिवाय तापमान बदललं तरी रीडिंग हलतं. म्हणून दर वेळी ठरलेल्या एकाच, तडा उघडा ठेवणाऱ्या भारावर थांबून वाचायचं, आणि शेवटी सॅम्पल फोडून खरी लांबी ताडून पाहायची. मधला भाग बहुतेकदा पृष्ठभागाच्या पुढे गेलेला सापडतो.