बसल्या जागी रेल्वेचे इतिहासकार व्हा

रेल्वेचा इतिहास लिहायचं मनात आहे ना? मग जागेवरून हलू नका. दफ्तरखाने, जुनी वेळापत्रकं, कंपनीचे वार्षिक अहवाल ही कामं रिकामटेकड्यांची. तुम्हाला आजोबा होते आणि आजोबांना सगळं आठवत होतं. एवढं भांडवल पुरे.

सुरुवात बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या त्या गाडीपासून करा. १६ एप्रिल १८५३, दुपारचे ३ वाजून ३५ मिनिटं, १४ डबे, ४०० च्या आसपास पाहुणे, २१ तोफांची सलामी. हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं, त्यात तुमची करामत काय दिसणार? म्हणून ‘आजच्या सीएसएमटीच्या भव्य घुमटाखालून गाडी निघाली’ हे वाक्य पदरचं घाला. त्या इमारतीचं काम सुरू झालं १८७८ साली, म्हणजे गाडी ठाण्याला पोचून २५ वर्षं उलटल्यावर. पण फोटो किती छान येतो! प्रवासाला कुणी ५७ मिनिटं सांगतं, कुणी सव्वा तास. त्या काळचं वर्तमानपत्र कशाला उघडता? सरासरी काढा, ६६ मिनिटं लिहा आणि मोकळे व्हा.

‘भारतातली पहिली रेल्वे’ असंही ठोकून द्या. ‘प्रवासी’ हा शब्द मध्ये घातला की वाक्याचा जोर जातो. रुडकीला सोलानी नदीवरच्या जलसेतूच्या कामावर १८५१ च्या डिसेंबरातच वाफेचं इंजिन माती ओढत होतं, मद्रासकडे रेड हिल्सला १८३७ पासून रुळांवरून दगड जात होते. माती आणि दगड थोडेच तिकीट काढतात!

खरी मजा डेक्कन क्वीनमध्ये आहे. १९४२ साली आजोबा थर्ड क्लासच्या खिडकीत बसून पुण्याला गेले आणि खंडाळ्याच्या घाटात इंजिनाच्या धुरानं त्यांचे डोळे चुरचुरले, ही आठवण जशीच्या तशी छापा. १ जून १९३० ला ही गाडी सुरू झाली ती विजेच्या इंजिनावर. घाटात तारा आधीच आल्या होत्या. आणि थर्ड क्लास तिला जोडला गेला १९५५ च्या जूनमध्ये. आजोबा कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीत बसले असतील, बहुधा पॅसेंजरमध्ये. पण पॅसेंजरच्या आठवणीला लाइक कोण देणार?

तरी एक सावधगिरी बाळगा. तुमचे आजोबा सांगायचे गाडी चंदेरी होती, शेजारच्यांचे सांगायचे गर्द निळी. अशा वेळी कुणी शहाणा मूळ कागद काढून बसला तर घात होतो, कारण डबे मुळात दोन संचांचे होते: एक चंदेरी, त्यावर लाल पट्ट्या, दुसरा निळा, त्यावर सोनेरी रेघा. म्हणजे दोन्ही आजोबा खरे! तीन पिढ्या चाललेलं भांडण असं एका कागदानं मिटलं तर रविवारी गप्पा कशावर मारायच्या?

म्हणूनच कागद घरात ठेवू नयेत. एखादे काका गार्ड म्हणून निवृत्त झालेले असतात. त्यांच्या ट्रंकेत कडा कुरतडलेल्या वह्या निघतात. गाडी नंबर, इंजिन नंबर, कर्जतला बँकर, म्हणजे घाट चढायला मागून जोडतात ते इंजिन, किती वाजता लागला, कुठल्या सिग्नलला किती मिनिटं खोळंबा, सगळं बारीक पेन्सिलीत. वाचायला अगदी रटाळ. काका गेले की बाराव्या-तेराव्याची गडबड ओसरायच्या आत या वह्या रद्दीवाल्याला द्या. मात्र काकांनी लाल झेंडीनं अख्खा अपघात टाळल्याचा किस्सा जपून ठेवा. त्यात वर्ष नाही, स्टेशन नाही, गाडीही दर वेळी बदलते. एवढा टिकाऊ ऐवज दुसरा नाही.

तरीही कुणी पुरावा मागितलाच तर ‘तुमचा जन्म तरी झाला होता का तेव्हा?’ असं विचारा. तुमचाही झाला नव्हता, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

पुढच्या १६ एप्रिलला तुम्हाला व्याख्यानाला बोलावतीलच. शाल-श्रीफळ घ्या, घुमटाचा फोटो पडद्यावर लावा, शिट्टीचा आवाज तोंडानं काढून दाखवा, टाळ्या ठरलेल्या. फक्त आयोजकांना आधीच सांगून ठेवा की, तिसऱ्या रांगेतल्या त्या चष्मेवाल्या गृहस्थांच्या हाती माइक देऊ नका. ते उठून पान नंबर विचारतात.